सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा? स्कॅन काय सांगतो आणि काय नाही

मागच्या अंकात बेवारस मृतावशेषांची ओळख कशी पटवली जाते याविषयी या सदरात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच मुद्द्याकडे आहे : नुसती हाडे उरली असताना ती स्त्रीची की पुरुषाची हे क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन पाहून कसे सांगतात आणि त्या सांगण्यावर कितपत विसंबावे? म्हणून यावेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या गावाजवळ विहिरीचा गाळ काढताना मानवी हाडे सापडली. पोलिसांनी ती वैद्यकीय महाविद्यालयात पाठवली आणि तिथे त्यांचा सीटी स्कॅन झाला, असे कळले. हाडे तर समोर होती, मग स्कॅन कशासाठी? स्कॅनमध्ये स्त्री-पुरुष असे काही ‘दिसते’ का? आणि डीएनए तपासणी असताना हा खटाटोप का करतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी ‘दिसते’ या शब्दाकडे वळतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. सीटी यंत्र एवढेच मोजते की हाडाच्या कोणत्या भागात क्ष-किरण किती अडले. त्या मोजमापांवरून संगणक हाडाचे पातळ काप मांडतो आणि कापांवर काप रचून हाडाची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. लिंग दाखवणारी कोणतीही खूण यंत्र स्वतःहून देत नाही. प्रतिमेत शोधायचे असते ते तेच, जे अस्थितज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या हाड हातात घेऊन शोधत आले आहेत. त्यामुळे ज्याला हाड वाचता येत नाही, त्याला स्कॅनही वाचता येत नाही.

वाचायचे पहिले हाड म्हणजे श्रोणी, म्हणजे कमरेचे हाडांचे कडे. स्त्रीच्या श्रोणीतून बाळाचे डोके बाहेर यायचे असते, त्यामुळे वयात येताना तिची घडण पुरुषाच्या श्रोणीपेक्षा वेगळी होत जाते. पुढच्या बाजूला दोन्ही जघनास्थी जिथे मिळतात त्याखालचा कोन पुरुषात सर्वसाधारणपणे काटकोनापेक्षा लहान आणि स्त्रीत मोठा असतो. वर्गात आम्ही हे हातानेच दाखवतो : तर्जनी आणि मधले बोट फाकवले की पुरुषाचा कोन होतो, अंगठा आणि तर्जनी ताणली की स्त्रीचा. मागच्या कडेला एक मोठी खाच असते. त्या खाचेत अंगठा घट्ट बसला तर पुरुष, इकडेतिकडे हलवायला जागा राहिली तर स्त्री, हाही जुना वर्गातलाच आडाखा आहे. १९६९ मध्ये फेनिस या अमेरिकी अभ्यासकाने जघनास्थीवरील तीन बारीक लक्षणे सांगितली आणि केवळ त्यांवरून सुमारे ९५ टक्के सांगाड्यांचे लिंग अचूक ओळखता येते असे दाखवले. ही पद्धत आजही शिकवली जाते. मात्र पुढे इतरांनी इतर संग्रहांवर ती वापरून पाहिली, तेव्हा काही ठिकाणी हा आकडा बराच खाली आला, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

कवटीत भुवयांमधला उंचवटा, डोळ्याच्या खोबणीची वरची कड, कानामागचा उंचवटा, मानेचे स्नायू जिथे रुजतात ती मागची रेघ आणि हनुवटी हे पाच भाग पाहतात. पुरुषात ते ठसठशीत आणि स्त्रीत सौम्य असतात, असा सर्वसाधारण नियम आहे. पण वयस्क स्त्रियांच्या कवट्या अधिक राकट दिसू लागतात आणि विशीतल्या तरुणांच्या कवट्या पुष्कळदा नाजूक असतात, म्हणून कवटीवर श्रोणीइतका भार टाकता येत नाही.

आता स्कॅन कशासाठी? विहिरीतल्या हाडांवर गाळ आणि कधी कधी वाळलेले मांसही चिकटलेले असते. ते काढण्यासाठी हाडे उकळावी किंवा रसायनात ठेवावी लागतात आणि त्यात नाजूक भाग झिजतात किंवा तुटतात. स्कॅन करताना हाड जसे आहे तसेच ठेवता येते. जळालेल्या अवशेषांत तर हाताळणीनेच हाडाचा चुरा होण्याची भीती असते. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २००९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे दगावली, तेव्हा मेलबर्नच्या न्यायवैद्यक संस्थेने सापडलेल्या अवशेषांचे सीटी स्कॅन करून मगच पुढची तपासणी केली, कारण त्या संस्थेच्या शवागारात सीटी यंत्र काही वर्षे आधीपासून रोजच्या वापरात होते. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये चिरफाड न करता स्कॅनच्या आधारे शवपरीक्षा करण्याचे केंद्र सुरू झाले.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. अवशेष कधी ना कधी नातेवाइकांच्या हवाली होतात, त्यांच्यावर अंत्यसंस्कार होतात आणि मग शंका आली तरी पुन्हा पाहायला काही उरत नाही. स्कॅनची नोंद मात्र उरते. दुसरा तज्ज्ञ दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात बसून तेच हाड पुन्हा मोजू शकतो.

डीएनए तपासणीला स्कॅन हा पर्याय नाही. ती होतेच आणि व्हायलाही हवी. पण जुन्या, भिजलेल्या किंवा जळालेल्या हाडातील डीएनए बहुधा तुटका असतो, तो मिळवायला वेळ लागतो आणि मिळाला तरी तो ताडून पाहायला कोणाचे तरी नाव समोर असावे लागते. हरवलेल्या माणसांच्या यादीतून ते नाव शोधताना लिंग कळले की यादी जवळपास निम्मी होते, त्यात वय आणि उंची यांचा अंदाज मिसळला की आणखी आखूड होते. हाडांची तपासणी ही अशी पहिली चाळणी आहे.

प्रश्न : मी रुग्णालयात सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे कधी कधी पोलीस हाडे घेऊन येतात. रुग्णासाठी असतात त्याच सेटिंगवर स्कॅन केले तर चालते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चालवून घेतात, पण चालू नये. रुग्णाच्या बाबतीत किरणांचा डोस कमीत कमी ठेवणे हे तुमचे कर्तव्य असते, सुट्या हाडांच्या बाबतीत ते बंधन नाही. म्हणून काप जितके पातळ घेता येतील तितके घ्यावेत, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. पोटाच्या नेहमीच्या तपासणीत जतन केलेले पाच मिलिमीटरचे काप या कामाला जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण दोन कापांमधली बारीक कड त्यांत सरासरीत विरून जाते आणि फेनिसची लक्षणे तर नेमकी अशा बारीक कडांचीच असतात.

दुसरी अडचण उंबरठ्याची आहे. सीटीच्या मापनपट्टीवर हवा उणे १०००, पाणी शून्य आणि हाडाचे घट्ट कवच काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढे असते. त्रिमितीय प्रतिमा करताना ‘या आकड्याच्या वरचे ते हाड’ असे संगणकाला सांगावे लागते. तो आकडा वर नेला तर पातळ हाड गळून पडते आणि प्रतिमेत नसलेली भोके दिसू लागतात. खाली आणला तर हाडावरची माती हाडातच जमा होते. जिवंत माणसासाठी ठरवलेला उंबरठा मातीत मुरलेल्या हाडाला लागू पडेलच असे नाही. म्हणून कोणता उंबरठा वापरला, कापाची जाडी किती होती आणि कोणती आज्ञावली वापरली, हे अहवालासोबत लिहून द्यावे. पातळ कापांवरून घेतलेली लांबी-रुंदीची मापे आणि कॅलिपरने हाडावर घेतलेली मापे यांत फरक सहसा एक-दोन मिलिमीटरच्या आतच राहतो. डोळ्यांनी ठरवायच्या लक्षणांत मात्र प्रतिमेची छटा फसवू शकते. मापांच्या बाबतीत स्कॅन भरवशाचा आहे, पृष्ठभागाच्या पोताबाबत हात आणि डोळे अजूनही सरस आहेत, असे माझे मत आहे.

प्रश्न : न्यायालयात तज्ज्ञ ‘हाडे स्त्रीची आहेत’ असे ठामपणे सांगतात. उलटतपासणीत त्यांना नेमके काय विचारावे? (एक वकील, नागपूर)

उत्तर : पहिला प्रश्न असा असावा : कोणते हाड मिळाले होते? आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना क्रॉगमन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाचे आकडे पाठ असतात : संपूर्ण सांगाडा असल्यास १०० टक्के, श्रोणी आणि कवटी असल्यास ९८, केवळ श्रोणी ९५, केवळ कवटी ९० च्या पुढे आणि हातापायांची लांब हाडे असल्यास ८० टक्के. हे आकडे साक्षीत अगदी सहज उच्चारले जातात. पण ते अमेरिकेतील एका संग्रहातील ७५० सांगाड्यांवरून काढले आहेत. १०० टक्के या आकड्यावर तर कोणत्याही शास्त्रीय बाबतीत संशयच घ्यावा. ८० टक्क्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी : हाड न पाहता नाणे उडवून सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात. म्हणजे ८० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात दर पाच माणसांमागे एक चूक आहे.

दुसरा प्रश्न : तुलना कोणाशी केली? हा मला सर्वांत कळीचा वाटतो. उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधले हाड, याचे उदाहरण घ्या. ॲशले या अभ्यासकाने १९५६ मध्ये तिच्या वरच्या दोन भागांची एकत्र लांबी मोजून नियम मांडला. युरोपीय लोकांत १४९ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुरुष, पण त्यानेच तपासलेल्या आफ्रिकी लोकांत हीच सीमारेषा १३६ वर येत होती. म्हणजे १४० मिलिमीटरची तीच उरोस्थी एका नियमाने स्त्रीची ठरते आणि दुसऱ्या नियमाने पुरुषाची. मांडीच्या हाडाच्या डोक्याचे असेच आहे. अमेरिकी पाठ्यपुस्तकांतील कोष्टकात ४२.५ मिलिमीटरपेक्षा कमी व्यास म्हणजे स्त्री, ४७.५ पेक्षा जास्त म्हणजे पुरुष आणि मधला पट्टा संशयाचा. हे कोष्टक लहान चणीच्या भारतीय पुरुषाला जसेच्या तसे लावले तर तो सरळ स्त्रियांच्या रकान्यात जाईल.

स्कॅनचे खरे मोल मला इथे दिसते. ज्यांचे लिंग आणि वय नोंदलेले आहे अशा सांगाड्यांचे मोठे संग्रह मुख्यतः अमेरिका आणि युरोपात आहेत आणि त्यांतले बरेच सांगाडे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचे आहेत. आपल्याकडे दहनाची प्रथा असल्यामुळे असे संग्रह मुळातच तोकडे. पण रुग्णालयांत रोज शेकडो लोकांचे सीटी स्कॅन होतात आणि प्रत्येकाचे वय व लिंग कागदावर असते. रुग्णाचे नाव काढून टाकून आणि नैतिक समितीची परवानगी घेऊन त्यांतून आजच्या भारतीय माणसांच्या हाडांची मापे काढता येतात. आपल्याकडच्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतून कवटीच्या तळाचे मोठे छिद्र, गालामागच्या पोकळ्या, खालचा जबडा आणि उरोस्थी यांवर असे अभ्यास झाले आहेत. माझी तक्रार एवढीच की यांतले पुष्कळसे अभ्यास एकाच रुग्णालयातील थोड्या रुग्णांवर थांबतात. श्रोणी बाजूला ठेवून गालाच्या पोकळीसारख्या दुय्यम अवयवावर इतका कागद का खर्च व्हावा, हेही मला उमगलेले नाही. डोक्याचे स्कॅन सहज मिळतात, हे त्याचे एक कारण असावे.

तिसरा प्रश्न : ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देण्याची मुभा पद्धतीत आहे का? फ्रेंच आणि चेक अभ्यासकांनी २००५ मध्ये श्रोणीच्या दहा मापांवर आधारित एक पद्धत मांडली. तिच्यामागे जगातील निरनिराळ्या लोकसमूहांतील दोन हजारांवर श्रोणीअस्थी आहेत. दहापैकी चार मापे मिळाली तरी हिशेब होतो, पण संभाव्यता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर ती लिंग ठरवतच नाही. हीच मापे सीटीवरही घेता येतात. अशा पद्धतीच्या साक्षीला ‘माझ्या अनुभवावरून’ या शब्दांपेक्षा अधिक वजन द्यावे. तज्ज्ञाचा डोळा एका बाजूला झुकतो हे १९७२ मध्येच दाखवले गेले आहे. वाइस या अभ्यासकाने उत्खननांतील सांगाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुष म्हणून नोंदवलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाले. हाड जरा राकट दिसले की हात ‘पुरुष’ लिहायला सरसावतो.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावली श्रोणीच्या स्कॅनवरून उत्तर देतात आणि त्यांच्या अचूकतेचे आकडे चांगले असतात. त्यांच्या बाबतीत एकच विचारावे : त्यांना शिकवताना दिलेल्या प्रतिमांत केवळ हाड होते, की त्याभोवतीचे मांसही? मांस दिसत असेल तर उत्तर हाडावरून आले याची खात्री नाही आणि सांगाड्यावर तर मांस नसतेच.

प्रश्न : स्कॅनमुळे पूर्वीचे मत उलटल्याचे एखादे प्रसिद्ध उदाहरण आहे का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : वॉर्सातील ममीचे उदाहरण मला आवडते, कारण त्यात स्कॅनचे यश आणि मर्यादा दोन्ही आहेत. १८२६ मध्ये वॉर्सा विद्यापीठाला मिळालेल्या एका इजिप्ती ममीच्या शवपेटीवर होर-जेहुती या पुरोहिताचे नाव होते, त्यामुळे आतला देहही त्याचाच मानला जात होता. २०१६ च्या सुमारास पोलिश संशोधकांनी सीटी आणि क्ष-किरण प्रतिमा पाहिल्या तेव्हा तो देह स्त्रीचा निघाला. शवपेटी एकाची आणि देह दुसऱ्याचा! पट्ट्या न सोडता हे कळले, हे त्या तंत्राचे यश. पुढे २०२१ मध्ये त्याच चमूने ती स्त्री गरोदर असल्याचे जाहीर केले. त्यावर क्ष-किरणतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की ओटीपोटातली ती आकृती गर्भाची नसून देह टिकवताना भरलेल्या गाठोड्याची असावी. प्रतिमा एकच होती, वाचणारे वेगळे होते.

उलट दिशेचे उदाहरण स्वीडनमधील बिर्का येथील थडग्याचे. १८७८ मध्ये ते खणले गेले, आत शस्त्रे आणि दोन घोडे मिळाले, म्हणून तो योद्धा पुरुष असणार असे सगळ्यांनी धरून चालले. हाडांच्या अभ्यासकांनी सांगाडा स्त्रीचा असल्याचे सांगितले तरी ते मनावर घेतले गेले नाही. २०१७ मध्ये डीएनएने तेच सांगितले तेव्हा जगभर गाजावाजा झाला. श्रोणीने आधीच दिलेले उत्तर तलवारीपुढे फिके पडले होते. सांगाडा पाहताना शेजारच्या वस्तू झाकून ठेवाव्यात, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यामुळेच.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील इनामगाव येथे उत्खननात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. ती मुले होती की मुली, हे आज स्कॅन करून कळेल का? (एक शिक्षक, शिरूर)

उत्तर : स्कॅन करून नाही. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षे उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन माणसे बालकांना दोन मातीच्या कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखाली पुरत असत. असा कुंभ न फोडता आतली हाडे पाहायची असतील तर सीटीसारखे साधन नाही. युरोपात दहनानंतरच्या अस्थिकुंभांवर हे प्रयोग झाले आहेत आणि हाडे कुंभात कोणत्या क्रमाने ठेवली होती हेही त्यांतून कळते. वयही दातांच्या वाढीवरून चांगले सांगता येते.

पण मुलगा की मुलगी या प्रश्नाला बालकाचे हाड उत्तर देत नाही. श्रोणीतला आणि कवटीतला फरक घडवतात ते वयात येतानाचे संप्रेरक. त्याआधीच्या सांगाड्यांत दिसणारे भेद इतके अंधुक असतात की अनुभवी अभ्यासक तो रकाना कोराच ठेवतात.

त्याचे उत्तर दातांत आहे. दाताच्या लुकणात, म्हणजे वरच्या टणक आवरणात (एनॅमल), अमेलोजेनिन नावाचे प्रथिन असते. ते घडवणारे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण दोन्हींची प्रथिने किंचित वेगळी असतात. वायची खूण सापडली की दात मुलाचा, आणि एक्सची खूण भरपूर असूनही वायची नसेल तर बहुधा मुलीचा. लुकणाचा अगदी सूक्ष्म थर त्याला पुरतो, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. दुधाच्या दातांचे लुकण गर्भातच तयार होऊ लागते, म्हणून तान्ह्या बाळासाठीही ही पद्धत चालते. इटलीतील मोदेना येथे हातात हात घालून पुरलेले दोन सांगाडे २००९ मध्ये सापडले आणि ‘प्रेमी युगुल’ म्हणून गाजले. दोघेही पुरुष असल्याचे २०१९ मध्ये कळले, ते याच पद्धतीने.

आपल्यासाठी यात एक मेख आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये २७० भारतीय पुरुष तपासले, तेव्हा त्यांतील पाचजणांत वाय गुणसूत्रावरचे हे जनुकच नव्हते. असा पुरुष दातावरून स्त्री ठरेल. म्हणून ‘मुलगी’ या उत्तरापुढे भारतात तरी छोटेसे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि शक्य असेल तिथे वाय गुणसूत्राच्या दुसऱ्या खुणांनी पडताळा घ्यावा.

प्रश्न : लिंगनिदानावर कायद्याने बंदी आहे ना? मग हे कसे चालते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ती बंदी गर्भधारणेपूर्वीच्या आणि गर्भाच्या लिंगनिदानावर आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम असा कायदा केला आणि १९९४ मध्ये तो केंद्राने केला. मृतावशेषांच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही. मात्र तुमच्या प्रश्नामुळे शब्दाचा मुद्दा निघाला हे बरे झाले. ‘लिंगनिदान’ आणि ‘लिंगनिश्चिती’ या दोन्ही शब्दांत जी ठाम खात्री आहे ती हाडांच्या बाबतीत नसते, म्हणून अहवालात ‘लिंगाचा अंदाज’ असे लिहून पुढे संभाव्यता द्यावी असे मी सुचवीन. शिवाय हाडांवरून कळते ते शरीराचे. ती व्यक्ती स्वतःला स्त्री मानत होती, पुरुष की तृतीयपंथी, हे हाडांवर लिहिलेले नसते आणि हरवलेल्यांच्या यादीत शोधताना पोलिसांनी ही शक्यता सोडू नये.

प्रश्न : स्त्रीच्या सांगाड्यावरून तिची किती बाळंतपणे झाली तेही कळते, असे वाचले. खरे का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : जघनास्थीच्या मागच्या बाजूला दिसणाऱ्या खळग्यांना पूर्वी ‘बाळंतपणाच्या खुणा’ म्हणत आणि त्या मोजून मुलांची संख्या सांगण्याचे धाडसही होई. पण असे खळगे कधीही प्रसूत न झालेल्या स्त्रियांत आढळतात, क्वचित पुरुषांतही आढळतात आणि चार-पाच मुलांच्या आईत कधी कधी मुळीच नसतात. स्कॅनमध्ये ते स्पष्ट दिसतात, पण त्यांवरून बाळंतपणांची संख्या सांगता येत नाही.